गॅदरिंगचा पेन ड्राइव्ह

पोलीस खात्यातली माझी बरीच वर्षं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, असं आज कुणी विचारलं तर मी नक्की गोंधळेन. पण शाळेच्या गॅदरिंगच्या त्या पेन ड्राइव्हचा विषय निघाला की सगळं लख्ख आठवतं. एका माणसाचं नशीब त्यात अडकलं होतं आणि तो काही केल्या उघडत नव्हता.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पाथरी रस्त्यावर संध्याकाळी, सायकलवर चाऱ्याचा भारा घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याला गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही, म्हातारा जागीच गेला. मागून आलेल्या एसटीच्या वाहकानं लगेच फोन केल्यामुळं वेळ पक्की होती. घटनास्थळी हेडलाइटच्या काचेचे तुकडे तेवढे मिळाले.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. खबर देणारा पाथरीतला एक पंक्चरवाला होता. "साहेब, एक जीपवाला सकाळधरनं हेडलाइटची काच हुडकायलाय. लय घाईत हाय." आम्ही जीप ताब्यात घेतली. उजवा हेडलाइट फुटलेला, बंपर चेपलेला. चालक वालूरजवळच्या एका खेड्यातला, प्रवासी वाहतूक करून पोट भरणारा. विचारलं तर म्हणाला, रात्री भाडं सोडून परत येताना रानडुक्कर आडवं आलं. आता आमच्या भागात ठोकरून पळालेला प्रत्येक जण रानडुकराच्याच नावावर बिल फाडतो, त्यामुळं कुणाचा विश्वास बसेना. अटक झाली, न्यायालयानं पोलीस कोठडी दिली.

चौकशी मी स्वतः केली. तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"सायेब, त्या टायमाला म्या गावातच व्हतो. शाळंत गॅदरिंग व्हतं. लेकीचा नाच सुरू झाला आन् लाईट गेली. म्या जीप आत घातली, हेडलाइट लावले. त्या उजेडात पोरी नाचल्या."

"किती वाजले होते?"

"ते न्हाई सांगता यायचं, सायेब. लेक नाचायली व्हती तवा."

रचून बोलणारा माणूस घड्याळ तोंडपाठ करून येतो, असा माझा अनुभव आहे. याला वेळ सांगता येत नव्हती, आणि म्हणूनच मला तो खरा वाटू लागला. पण मला वाटून काय उपयोग? गावात माणसं पाठवून जबाब घेतले. सगळं गाव त्याच्या बाजूनं बोललं आणि प्रत्येकानं वेळ निराळी सांगितली. कुणी दिवेलागणीची, कुणी जेवणं झाल्यावरची. इकडे मयताची दोन्ही मुलं रोज ठाण्याच्या आवारात येऊन बसत. "गाव आपल्या माणसाला झाकणारच की, सायेब," थोरला म्हणायचा. त्याचं काही चूक नव्हतं. कोर्टातही कुणी हेच म्हटलं असतं.

अशात कळलं की शाळेतल्या एका शिक्षकानं गॅदरिंगचं मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं. गुरुजींना बोलावून घेतलं. ते आले ते पेन ड्राइव्ह मुठीत धरूनच. मोबाइल भरला म्हणून त्यांनी शाळेच्या संगणकावरून सगळं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर हलवलं होतं. मोबाइलमध्ये काही उरलं नव्हतं आणि शाळेच्या संगणकावरही नव्हतं. शाळेत तो लावला की बारीक दिवा लुकलुकायचा, पण आतलं काही दिसायचं नाही. शाळेच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती, आमच्याही. आमच्या हवालदारानं तो लावून पाहिला, तर दिवासुद्धा लागला नाही.

"सर, हा तर मेला," हवालदार म्हणाला. "पाथरीत एक जण हाय, फॉरमॅट मारून चालू करून देतो."

फॉरमॅट मारून पेन ड्राइव्ह चालू करणं म्हणजे साक्षीदाराची जीभ कापून त्याला बोलतं करणं. मी पेन ड्राइव्ह रीतसर जप्त केला आणि परभणीला सायबर शाखेत फोन लावला.

तिथून आल्या त्या एक महिला उपनिरीक्षक. गंगाखेडकडच्या, बोलायला मोजक्या. चहा नको म्हणाल्या, पेन ड्राइव्हलाही हात लावला नाही. आधी गुरुजींकडे वळल्या.

"सर, शाळेत दिवा लागत होता ना?"

"हो मॅडम, लुकलुकायचा."

"मग इथंच का लागू नये?"

हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. बाईंनी पर्समधून स्वतःचा चालू पेन ड्राइव्ह काढला आणि आमच्या संगणकाला पुढच्या बाजूला, हवालदारानं लावला होता तिथंच लावला. त्याचाही दिवा लागला नाही. त्यांनी बॅटरीचा झोत त्या खाचेत टाकला आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत हळद-कुंकू गच्च बसलं होतं आणि तांदळाचा एक दाणा अडकला होता. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा होते. हवालदारानं बंदुकांबरोबर संगणकाचीही पूजा केली होती, आणि मोकळ्या हातानं केली होती.

"हवालदारसाहेब, कुंकू कपाळाला लावायचं असतं, तोंडात नाही कोंबायचं," बाई म्हणाल्या. त्या प्रकरणात आम्ही सगळे पहिल्यांदाच हसलो. हवालदारही हसला, पण जरा उशिरा.

मग त्यांनी एक छोटी डबी संगणकाच्या मागच्या बाजूला जोडली आणि जप्त पेन ड्राइव्ह त्या डबीला लावला. डबी मध्ये असली की पेन ड्राइव्हमधलं वाचता येतं, त्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. दिवा लागला. मी खुर्ची ओढून मागं बसलो. काळ्या पडद्यावर त्या एकेक ओळ टाइप करत होत्या, आलेलं उत्तर शेवटपर्यंत वाचत होत्या आणि मगच पुढचं विचारत होत्या. ही पद्धत मला ओळखीची वाटू लागली. अनोळखी माणूस ठाण्यात आणला की चांगला अधिकारी आधी त्याचं नाव विचारतो, मग गाव, मग घरदार. गुन्ह्याचं नंतर. पेन ड्राइव्हनं आपलं नाव सांगितलं, आकारमान सांगितलं, आत एक कप्पा आहे हेही कबूल केलं. तो कप्पा उघड म्हटलं की मात्र संगणक नकार देई. नकाराची ती इंग्रजी ओळ आम्ही वाचलीही नसती. बाईंनी ती दोनदा वाचली.

"सर, हा मेलेला नाही. मांडणीचं पहिलंच पान बिघडलंय, म्हणून संगणकाला पुढचं वाचता येईना."

"दुरुस्त होईल?"

"होईल बहुतेक. पण दुरुस्ती याच्यावर नाही करायची. आधी नक्कल."

मयताचा थोरला मुलगा दारातून हे सगळं पाहत उभा होता. बाईंनी त्याला आत बोलावलं. "बसा दादा. जे करायचं ते तुमच्यासमोर करते." पेन ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल घेतली गेली. मूळ आणि नक्कल, दोन्हींचा बोटाच्या ठशासारखा एक आकडा निघतो. तो जुळल्याचं त्यांनी बोलावून बसवलेल्या पंचांना दाखवलं आणि मूळ पेन ड्राइव्ह तिथल्या तिथं सील केला. दोषारोप करायला बसलेल्या माणसाला विश्वासात घेऊन काम करावं, हे आम्ही व्याख्यानात ऐकतो. करताना मी फार थोड्यांना पाहिलं आहे.

नक्कल होत होती तेवढ्यात त्यांनी गुरुजींना विचारलं, "सर, पेन ड्राइव्ह काढला कसा होता?"

"व्यवस्थित काढला होता, मॅडम."

बाईंनी पडद्यावर नक्कल कुठवर आली ते पाहिलं. मग गुरुजीच म्हणाले, "सेलूची शेवटची जीप हॉर्न वाजवायली होती. पडद्यावर काम झालं असं दिसलं अन् मी उपसला."

"चुकीचं काही केलं नाही तुम्ही, सर. मापात घेतलं म्हणजे पोत्यात पडलं असं नसतं, एवढंच. पडद्यावर झालं दिसतं, आत भरणं चालूच असतं." गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यामुळं एक माणूस तुरुंगात जाणार, हे ओझं ते कितीतरी दिवस वागवत होते.

पेन ड्राइव्ह तयार होतो तेव्हाच त्या पहिल्या पानाची एक जादा प्रत आत ठेवलेली असते. बाईंनी ती नकलेतल्या बिघडलेल्या जागी बसवली आणि पुन्हा उघडायला सांगितलं. संगणक या वेळी नाही म्हणाला नाही. शेवटची चित्रफीत अर्धवट होती, पण आम्हाला हवी ती शाबूत होती.

मंचावर मुली नाचताहेत. एकदम अंधार, पोरांचा गलका. मग इंजिनाचा आवाज, आणि बाजूनं उजेडाचे दोन झोत मंचावर पडतात. दोन, एक नव्हे. त्या झोतात एक माणूस पुढं येतो, लहान पोरांना हातानं मागं सारतो आणि पुन्हा जीपकडं जातो. हाच माणूस आमच्या कोठडीत होता. चित्रफितीवर वेळ पडली होती; गुरुजींच्या मोबाइलचं घड्याळ बरोबर चालतं का, हेही बाईंनी ताडून पाहिलं. अपघात झाला त्या वेळी तो आणि त्याची जीप शाळेच्या आवारात होती.

थोरला मुलगा पडद्याजवळ येऊन वाकला. मग म्हणाला, "ह्यो न्हाई. म्हंजी आमच्या बापाला मारणारा अजून मोकळाच हाय, सायेब."

"हो," मी म्हणालो. त्या दिवसापासून आम्ही काचेच्या तुकड्यांमागं नव्यानं लागलो आणि पुढं शेजारच्या जिल्ह्यातला एक पिकअप चालक पुराव्यानिशी पकडला. चुकीचा माणूस हातात धरून बसलो असतो, तर त्याच्यापर्यंत कधीच पोचलो नसतो.

खात्यात मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. पण उत्तर काय यावं हे मनात न ठरवता प्रश्न विचारणारी फार थोडी भेटली, आणि त्यांत या बाईंचा नंबर मी पहिला लावतो. काही बोलेना म्हणजे मेला, काच फुटली म्हणजे गुन्हेगार, गाव एका सुरात बोललं म्हणजे खोटं. अशा झटपट निकालांवर आमचं निम्मं खातं चालतं. त्या दुपारी त्यांच्या पाठीमागं बसून मी तपास नव्यानं शिकलो, आणि मला त्यांचा मनापासून अभिमान वाटला.

न्यायालयात अहवाल दिल्यावर सुटकेचा आदेश झाला, त्या दिवशी बाई पुन्हा आल्या होत्या. त्यांनी चालकाला संगणकासमोर बसवलं आणि चित्रफीत लावली. सुटकेचा पुरावा म्हणजे तो स्वतः होता, पण पडद्यावर आला तेव्हा त्यानं स्वतःकडं पाहिलंसुद्धा नाही. संपल्यावर म्हणाला, "मॅडम, जरा मागं घ्या की. म्या जीपपाशी व्हतो, बाजूला. लेकीला समोरून आत्ताच पाहिली."

बाईंनी पुन्हा लावली. मी ती चित्रफीत तोवर कितीदा तरी पाहिली होती. हेडलाइट पाहिले होते, जीप पाहिली होती, कोपऱ्यातली वेळ पाहिली होती. मुलीकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फार छान नाचत होती.