आजींचा हात कुठे जातो

"ह्याला ट्रक लटकवा मॅडम, हलणार नाही," संतोषभाऊ म्हणाले आणि बाथरूममधल्या स्टीलच्या बारला स्वतःच लटकून दाखवलं. बार खरंच हलला नाही. पण दोनच दिवसांपूर्वी त्यांची आई त्या बारपासून हातभर अंतरावर पडली होती.

मी फिजिओथेरपीची इंटर्न आहे. म्हणजे वर्गातलं शिकून झालंय, पण रिपोर्टवर सही माझ्या सीनियर मॅडमचीच लागते. मॅडमचं क्लिनिक थेरगावात आहे आणि लांबच्या होम व्हिजिट बहुतेक माझ्याकडे येतात. ही चाकणजवळच्या एका गावातली होती. संतोषभाऊ कंपनीत फॅब्रिकेशनला सुपरवायझर. आई सत्तरी ओलांडलेली, उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा पडली होती. दोन्ही वेळा मुक्या मारावर निभावलं.

"आता तिसऱ्यांदा पडली की थेट धाकट्याकडे, थेरगावला. सहावा मजला, लिफ्ट आहे," भाऊ म्हणाले. "म्हशी विकायच्या. ठरलंय."

"तुझं ठरलंय," आजी खाटेवरून म्हणाल्या. "मला न्हाई कुनी इचारलं."

मी कॅटलॉग काढला. पडू नये म्हणून वापरायच्या वस्तूंना आमच्याकडे एड्स म्हणतात. चार पायांची काठी, वॉकर, न घसरणारी मॅट, आणि ग्रॅब बार, म्हणजे उठता-बसता धरायला भिंतीत ठोकलेला दांडा. मी पटकन वॉकरवर टिक केली. मग बाथरूमचं दार मोजलं. वॉकर त्यातून आत जाणारच नव्हता. टिक खोडताना भाऊ बघत होते, म्हणून मी जास्तच गडबडले. माझ्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कुणी मला 'मॅडम' म्हटलं की मागे कोण उभं आहे ते बघावंसं वाटतं.

बाहेर येऊन मॅडमना फोन केला.

"मॅडम, बार आधीच आहे. भक्कम आहे. मग काय लिहू?"

"त्या बार धरतात का?"

"हो म्हणतात."

"म्हणतात ते सोड. तू बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. परत आत गेले आणि आजींना बाथरूमपर्यंत चालायला सांगितलं. त्या एकदम ताठ उभ्या राहिल्या, फोटोला राहतात तशा. हळूहळू चालत गेल्या, कमोडवर बसल्या, बार धरला, उठल्या. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

"बघितलंत?" भाऊ म्हणाले. "नेटवरून ड्रॉइंग काढलं, दोन इंची पाईप, मिरर पॉलिश. गुरुवारची सुट्टी घालवलीय त्यात."

माणसं आमच्यासमोर चांगलं चालून दाखवतात, हे आम्हाला शिकवलंय. पण मग खरं कसं बघायचं, हे शिकवल्याचं आठवेना. तेव्हा बाबा आठवले. ते पिंपरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर आहेत. डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून एका भागाला निळा रंग लावतात आणि दुसरा त्यावर दाबतात. जिथे टेकतं, तिथे रंग उठतो.

"भाऊ," मी भीत भीत म्हटलं, "ब्लू लावून मॅचिंग करतात ना, तसं आजींच्या हाताचं करायचं का?"

"तुम्हाला ब्लू मॅचिंग कसं माहीत?"

"बाबा फिटर आहेत."

"मग आधी नाही का सांगायचं!" त्यांचा आवाजच बदलला.

निळा रंग घरात कुठला असणार? तुळशीजवळचा गेरू होता. त्याची कोरडी पूड आजींच्या दोन्ही तळव्यांना चोळली.

"ह्या वयात रंगपंचमी व्हय?" आजी म्हणाल्या.

"आणि टाइल्स कोण पुसणार?" भाऊंच्या बायकोने, वहिनींनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी पुसतो," भाऊ म्हणाले.

आम्ही कुणी आजींच्या हातांकडे बघायचं नाही, असं ठरलं. भाऊंनी त्यांना म्हशीबद्दल विचारलं. आजी आटलेल्या दुधाबद्दल बोलत निघाल्या, मी एक पाऊल मागे, पडल्याच तर धरायला. या वेळी त्या वाकून, भराभर चालल्या. आत जाऊन बसल्या, उठल्या, बाहेर आल्या.

मग आम्ही बघितलं. दाराच्या चौकटीवर लाल पंजा. नळावर बोटं. आणि कमोडच्या डाव्या बाजूला पाण्याचा निळा ड्रम होता, त्याच्या काठावर गेरूच गेरू. उजवीकडचा बार लखलखीत कोरा.

भाऊंनी बारवरून बोट फिरवून बघितलं.

"आये, एकदा पण धरत न्हाईस?"

आजींनी पदराला हात पुसले. "लय जाड हाय रं. मुठीत येत न्हाई, वल्या हातानं सटाकतो. तू सुट्टी घालवून केलास, म्हनून बोलले न्हाई."

मी त्यांचा हात बारवर ठेवून बघितला. बोटांत आणि अंगठ्यात दोन बोटांचं अंतर राहत होतं. शिवाय त्यांचा उजवा खांदा दुखतो. उठताना जोर कायम डावीकडे.

ड्रमला मी हलवून बघितलं. भरलेला होता, जागचा हलला नाही.

"पाणी रोज येतं?" मी विचारलं.

"दिवसाआड," वहिनी म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. "दोन्ही वेळा आत्या पडल्या ना, त्या दिवशी पाणी यायचं होतं. ड्रम रिकामा होता."

पुढच्या गुरुवारी भाऊंनी नवे बार केले. सव्वा इंची पाईप, मॅट फिनिश. हत्यारांच्या मुठीला असतात तशा खाचा पाडू का, असं त्यांनी फोनवर विचारलं. आजींचं कातडं सोलेल, म्हणून नको म्हटलं. एक बार चौकटीपाशी उभा, एक कमोडच्या डावीकडे आडवा, दोन्ही गेरूच्या खुणा उठल्या होत्या तिथेच. ड्रम बाहेर गेला. कॅटलॉगमधून शेवटी एकच गोष्ट घेतली, न घसरणारी मॅट.

महिन्याने पुन्हा गेले तेव्हा आजी गोठ्यात होत्या. थेरगावचा विषय निघाला नाही, म्हणून मीही काढला नाही.

रिपोर्टमध्ये 'कोणते साधन सुचवले' असा रकाना असतो. मी लिहिलं, "पातळ बार दोन, जागा पेशंटने दाखवलेली." मॅडमनी वाचून सही केली आणि म्हणाल्या, "यापुढे कॅटलॉग बॅगेतून शेवटी काढायचा."