ममताने मला सांगितलं नाही

गोंदियाहून पुण्याची गाडी हलली, तेव्हा ममताची आई खिडकीसोबत चालत माझाच हात धरून होती. "एकमेकींले सोडू नोका व," ती म्हणाली. माय, तू बाबांच्या मागे उभी होतीस. ममता कुडव्याची, मी गोरेगावची, दोन्ही गोंदियाजवळचीच गावं. गोंदियाच्या कॉलेजात एका बाकावर बसलो आणि पुण्यात एकाच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. मला रडू आलं नाही. सोबत ती होती ना.

कॉलेजात माझा प्रोग्राम चुकला की ती सगळ्यांसमोर ओरडायची, "काय लिहून राहिली व? डोकं घरी ठेवून आली का?" मीही तिला सोडत नसे. असंच भांडत आम्ही शिकलो.

कंपनीत तर ते कामच होतं. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासायचा, चुका दाखवायच्या, मगच तो पुढे जायचा. माझा कोड बहुतेक ममताकडे जाई आणि एका शब्दासह परत येई : 'छान.' मला वाटलं, आपण सुधारलो. मी मात्र तिला पूर्वीसारखंच लिहायची, 'चुकलंय, पुन्हा कर.' एकदा टीममधल्या कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे सगळेच असं बोलतात?" सगळे हसले. ममतासुद्धा.

वर्षअखेरीस मॅनेजरांनी बोलावून सांगितलं, बढती मिळणार नाही. मग माझ्या चुका सांगत गेले. कुठे मी डेटाबेसकडे तीच माहिती पुन्हा पुन्हा मागत होते, कुठे बिघाड झाला तरी तो कुणाला कळू नये असं लिहिलं होतं. सगळं खरं होतं. माझा कोड इतका बारकाईने वाचणारी एकच होती.

"हे कोणी सांगितलं?"

"तुमच्या मैत्रिणीने. काळजी वाटते तिला तुमची."

आमच्या दोघींच्या खोलीवर ममता चहा गाळत होती. "मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं गं," ती म्हणाली. अगदी पुण्याच्या मराठीत.

चुका माझ्याच होत्या, त्या मी पुढे दुरुस्त केल्या. पण ती वर्षभर त्या बघत होती आणि मला 'छान' म्हणत होती, हे काही केल्या मनातून जात नाही. मी खोली बदलली, मग कंपनीही. तू फोनवर तिचं विचारतेस तेव्हा मी 'बरी आहे' म्हणते. खरं तर मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीत घरी आले तेव्हा वांग्याची भाजी मी केली होती. बाबा घासागणिक पाणी पीत होते. "चांगली झाली," तू म्हणालीस. मग मी जेवायला बसले, तर घास तोंडात धरवेना.

"माय, खारट झाली ना? बोलली काऊन नाई?"

"चार दिवसाले येतेस बाई. तुले कायले बोलू?"

पुण्यात मी परकी आहे, हे मी कधीच मानून घेतलंय. तुझ्या घरी मात्र मला पाहुणी करू नको. पुढच्या खेपेला बोल, माय. तेवढ्यासाठीच तर येते.