ओळीच्या टोकाचा गुलाब

आज कपाट पुसताना पुस्तकांमागे आडवी ठेवलेली रेड वाइनची बाटली हाती आली. लेबलवर फ्रान्समधल्या त्या द्राक्षमळ्याचं चित्र आहे. वेलींच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुलाब. तिथे आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "भुरीची बुरशी आधी गुलाबावर दिसते. मग आम्ही वेलींकडे धावतो."

हे लगेच माझ्याकडे बघून हसले. "म्हणजे आमच्या घरातला गुलाब तू!"

खरंच होतं ते. कुठलंही दुखणं आधी मलाच गाठायचं. पुढे या थट्टेत मुलगीही सामील झाली. पण हे आजारपणात गेले, त्या वर्षी मला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

पलीकडच्या खोलीत मुलगी तीन दिवस खोकते आहे. मी दारातून विचारलं, "डॉक्टरांना दाखवू या का गं?"

"आई, साधा खोकला आहे. गुलाब टवटवीत आहे ना? मग झालं तर!"

मी बाटली पुन्हा आडवी ठेवली. हळूच घसा खाकरून पाहिला. अगदी मोकळा होता.