ग्रॅमबाईचा काटा आणि ताईंची जीभ

गल्लीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ग्रॅमबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकवीस वर्षं तिने औषधाच्या एका जुन्या दुकानात, मागच्या खोलीत बसून पुड्या आणि मलमं तोलली होती. एका ग्रॅमची चूक म्हणजे कुणाच्या तरी पोटाशी खेळ, असं मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की घरी चहात साखर घालतानाही ती चमचा डब्याच्या कडेला घासून सपाट करू लागली. नवरा म्हणायचा, "हिचा चहा रोज अगदी सारखा होतो. एखाद्या दिवशी बिघडला तर तेवढीच मजा!" पण तो बिघडत नसे.

मालक थकले, दुकान बंद झालं, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला विचारलं, आठवण म्हणून काय हवं? कुणी कपाट नेलं, कुणी पंखा. हिने काटा मागितला. डिजिटल, पाटीएवढा, ग्रॅमपर्यंत बरोबर. रिक्षात तो मांडीवर घेऊन ती घरी आली. आता याचं करायचं काय, हा प्रश्न तिला दुसऱ्या दिवशी पडला.

त्याचं उत्तर साबणात निघालं. साबण म्हणजे शेवटी तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा यांचं गणित. या तेलाला इतकं कॉस्टिक, त्या तेलाला तितकं. कमी पडलं तर साबण लिबलिबीत, जास्त झालं तर अंगाची सालं निघतील. असलं गणित हातात आलं की ग्रॅमबाईला दुसरं काही सुचत नसे. मागच्या खोलीतला पलंग निघाला, टेबल आलं, लाकडी साचे आले, साबण सुकवायच्या फळ्या आल्या. साबणापाठोपाठ टाचांच्या भेगांचं मलम आलं, ओठांना लावायची डबी आली. प्रत्येक घाण्याची नोंद वहीत: तारीख, तेलं, पाणी, कॉस्टिक.

आणि या खोलीत, चार वर्षांपूर्वी एका बॅगेसकट, ताई आल्या.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या यजमानांनी पन्नाशीला टेकल्यावर दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि ताई भावाकडे आल्या. आल्या त्या दिवसापासून त्यांनी कामाला जो हात लावला तो खाली ठेवला नाही. कुणी "बसा हो जरा" म्हटलं की त्या आणखी एक भांडं घासायला घ्यायच्या. घरात आपल्याला कुणी फुकट खाणारी म्हणू नये, या धास्तीने ही बाई थकायलाही घाबरायची.

ताईंचं सगळं काम अंदाजपंचे. आयुष्यात त्यांनी एक गोष्ट मोजून केली नव्हती. मीठ मुठीने, तेल धारेने, वेळ उन्हाने, आणि स्वयंपाक असा की पाहुणे बोटं चाटत उठायचे. ग्रॅमबाईला ते बघवत नसे. "ताई, तुम्ही एकदा मोजून सांगा ना, मी लिहून ठेवते," ती म्हणायची. ताई म्हणायच्या, "अगं वहिनी, मला कळतं एवढंच मला कळतं. किती ते मला काय ठाऊक?"

साबणाच्या खोलीत ताईंना मापाला हात लावायची बंदी होती. त्या वड्या कापायच्या, कडा घासायच्या, कागदात गुंडाळायच्या. आणि एक काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. वड्या कापल्या की तिसऱ्या दिवशी त्या एका वडीवर ओलं बोट चोळायच्या आणि बोट जिभेला लावायच्या. जिभेला साबणाचीच बेचव चव लागली तर घाणा बरोबर. बारीकसा झटका बसला, जुन्या बॅटरीला जीभ लावल्यासारखा, तर कॉस्टिक शिल्लक आहे. शितावरून भाताची परीक्षा. ग्रॅमबाईला आधी किळस आली. तिच्याकडे रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या होत्या. पण पट्टी आणि जीभ यांचं उत्तर प्रत्येक वेळी एकच यायचं, तेव्हा तिने पट्ट्या आणणं बंद केलं. काटकसर म्हणून, असं ती सांगायची.

मग ते काम आलं. जवळच्या प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टरनी साबण वापरून पाहिला होता. नव्या आईला घरी जाताना बाळासाठी एक वडी द्यायची, बिनवासाची, बिनरंगाची, असं त्यांच्या मनात होतं. पहिल्या एकशेवीस वड्या सात आठवड्यांत. त्या पसंत पडल्या तर दर महिन्याला. ग्रॅमबाईने तीन वर्षं आठवडी बाजारात छत्रीखाली बसून साबण विकला होता. दर महिन्याचं काम म्हणजे तिला स्वर्ग दोन बोटं उरला. ताईंनाही तिने सांगून टाकलं, "हे जमलं ना, की तुम्ही माझ्या मदतनीस नाही, भागीदार." त्या दिवशी पहिल्यांदाच ताई दुपारी अर्धा तास आडव्या झाल्या.

एवढ्या वड्या सुकवायच्या तर आणखी फळ्या हव्यात, म्हणून नवऱ्याने टेबल सरकवून थेट भिंतीला लावून दिलं. "बघ, किती जागा झाली!" तो म्हणाला आणि स्वतःवर खूष होऊन बाहेर गेला.

ग्रॅमबाईने चष्मा चढवला, हातमोजे घातले, कानवाला स्टीलचा जग काट्यावर ठेवला, शून्य केलं आणि कॉस्टिक ओतायला लागली. तीनशे नव्वद ग्रॅम. ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, आज जास्त नाही का दिसत? नेहमी जगाच्या त्या खालच्या वळीपर्यंत असतं. आज वर गेलंय."

"काटा समोर आहे, ताई."

"हो, पण—"

"काट्यापेक्षा तुमचे डोळे शहाणे का? तुम्ही वड्यांचं बघा. मापाचं मी बघते."

ताई गुंडाळायचे कागद कापायला बसल्या. लागोपाठ तीन घाणे झाले, तीनशे नव्वदचेच.

वड्या कापल्यावर तिसऱ्या दिवशी ताईंनी ओलं बोट जिभेला लावलं आणि डोळ्यांत पाणी आणून थू थू करत मोरीकडे धावल्या. दुसऱ्या घाण्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. एकशेवीस वड्या, आणि त्या लागणार होत्या चार दिवसांच्या बाळांच्या अंगाला. ग्रॅमबाईने वही काढली. तेलं बरोबर, पाणी बरोबर, कॉस्टिक बरोबर. वही चुकत नाही, काटा चुकत नाही, मग उरलं कोण? आणि तिने उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ताई, खरं सांगा. मी तेल गरम करायला वळले तेव्हा तुम्ही अंदाजाने वरून काही टाकलंत का?"

ताई म्हणाल्या, "मी बोट दाखवलं होतं, वहिनी. हात नव्हता लावला."

त्यानंतर ताई त्या खोलीत आल्या नाहीत. भांडण नाही, रडणं नाही. स्वयंपाक वेळेवर, कपडे वेळेवर, आणि बोलणं पाहुण्यासारखं. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी भावाला विचारलं, "तुझ्या ओळखीत कुणाकडे म्हाताऱ्या माणसाजवळ राहायला बाई हवीय का रे? राहून काम करीन मी." भावाचा घास हातातच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. ग्रॅमबाई ताटातली शितं मोजत बसली होती.

तिला रागच येत होता, आणि तो कुणाचा हे कळत नव्हतं. ताईंनी टाकलं असेल तर कबूल का करत नाहीत? आणि नसेल टाकलं, तर? हा दुसरा प्रश्न तिने चार दिवस दाबून ठेवला होता. ताई गेल्या तर साबण कापायला दुसरी बाई मिळेल, हे तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं की गेल्या चार वर्षांत घरात तिच्याशी दिवसभर बोलणारं माणूस ते एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, तिने दुकानातली जुनी रीत काढली. औषधाच्या दुकानात दर सोमवारी काटा पाण्याने तपासत. चारशे मिलिलिटर पाणी म्हणजे चारशे ग्रॅम, त्यात वाद नाही. घरी आल्यापासून तिने एकदाही तपासला नव्हता. आपल्याच काट्यावर संशय कोण घेतो?

तिने कानवाला जग ठेवला, शून्य केलं, मापाच्या पेल्याने पाणी ओतलं. काट्याने दाखवलं, तीनशे साठ.

तिने पुन्हा ओतलं. तीनशे त्रेसष्ट. बॅटरी संपली असेल म्हणून काटा उलटा करायला तिने जग बाजूला घेतला, आणि तेव्हा भिंतीच्या रंगावर तिला एक करडा ओरखडा दिसला. बोटभर लांब, जगाच्या कानाच्या बरोबर उंचीवर. टेबल भिंतीला लागलं होतं, काटा टेबलाच्या कडेला सरकला होता आणि जगाचा कान भिंतीला टेकत होता. ओझ्यातला थोडा भाग काट्याऐवजी भिंत पेलत होती. तिने काटा वीतभर पुढे ओढला, शून्य केलं, पाणी ओतलं. चारशे.

म्हणजे प्रत्येक घाण्यात चाळीसेक ग्रॅम कॉस्टिक जास्त पडलं होतं. तिच्याच हाताने, चष्मा लावून. आणि दारातून एका बाईने ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं, सांगितलंही होतं.

ताई मोरीत कपडे घासत होत्या. ग्रॅमबाई समोर जाऊन उभी राहिली.

"ताई, माझं चुकलं. मीच जास्त टाकलं होतं. जग भिंतीला टेकत होता."

ताईंनी सदरा पिळला, बाजूला ठेवला. "कळलं ना? झालं तर."

"तुम्ही रागवा माझ्यावर."

"तू काट्यावर विश्वास ठेवलास, त्याचं मला काही वाटलं नाही," ताई म्हणाल्या. "पण विचारायच्या आधीच तू ठरवलं होतंस. सासरी पण असंच व्हायचं गं. काही मोडलं की आधी माझ्याकडे बघायचे."

ग्रॅमबाई तिथे मोरीच्या ओल्या कट्ट्यावरच बसली आणि रडली. चांगली हुंदके देऊन रडली. शेवटी ताईंनाच हात पुसून तिला पाणी आणून द्यावं लागलं. "ऊठ," त्या म्हणाल्या. "लुगडं भिजलं सगळं. आणि त्या सिस्टरबाईंना काय सांगणार आहेस?"

संध्याकाळी नवऱ्याला ओरखडा दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, टेबल भिंतीला लावू नका!" दोघी एकमेकींकडे बघून चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

प्रसूतिगृहात दोघी गेल्या. मोठ्या सिस्टर उभ्या उभ्याच बोलणाऱ्या बाई होत्या. ग्रॅमबाईने काही लपवलं नाही. साबण बिघडला, बाळांना चालणार नाही, नवा केला तरी सुकायला सहा आठवडे लागतात, दहा दिवस उशीर होईल.

"सुकताना आपोआप सौम्य नाही होत?" सिस्टरनी विचारलं.

क्षणभर ग्रॅमबाईला वाटलं, हो म्हणावं. थोडा होतोच. "इतकं जास्त असलं की नाही होत," ती म्हणाली.

"बिघडलाय हे कळलं कसं?"

"यांच्या जिभेवर."

सिस्टरनी ताईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जिभेवर?"

"पट्टीपेक्षा लवकर कळतं," ताई म्हणाल्या आणि स्वतःच्याच धिटाईने लाल झाल्या.

"दहा दिवस," सिस्टर म्हणाल्या. "अकरावा नाही. आणि खोक्याबरोबर कागद हवा. कोणी तपासलं, त्याची सही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कुणाची तरी सही असते."

टेबल खोलीच्या मधोमध आलं. जायला यायला अडचण, फळ्यांना गुडघे आपटायचे, पण मधोमध. ग्रॅमबाईने काटा पाण्याने तपासला, जग ठेवला, शून्य केलं. मग म्हणाली, "ताई, इकडे या. तुम्ही सांगा."

ताई जगात बघत राहिल्या. ग्रॅमबाई काट्याकडे न बघता ओतत होती. जन्मात पहिल्यांदा.

"बस," ताई म्हणाल्या.

काट्यावर तीनशे अठ्ठ्याऐंशी होते.

"दोन कमी आहेत," ग्रॅमबाई म्हणाली.

"ते दोन मला नाही दिसत गं. ते तुझ्या काट्याला विचार."

बिघडलेल्या वड्या किसून कपड्यांच्या साबणात गेल्या आणि वर्षभर नवऱ्याचे सदरे नको तितके पांढरे निघाले.

सहा आठवडे फळ्यांवर साबण सुकत राहिला, घट्ट होत गेला. तिसऱ्या दिवशी ताईंनी तिन्ही घाण्यांना जीभ लावली होती. शेवटच्या दिवशी, कुणी न सांगता, पुन्हा लावली. मग प्रत्येक वडी कागदात गेली, खोकी भरली आणि ग्रॅमबाईने सिस्टरसाठी कागद तयार केला. तारीख, वड्या, घाण्याचा क्रमांक. खाली "तपासणी" असं लिहून तिने पट्टीने रेघ ओढली आणि पेन ताईंच्या पुढे केलं.

ताईंनी हात पदराला पुसले. पेन घेतलं. रेघेवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. सही करायची वेळ त्यांच्यावर कित्येक वर्षांत आली नव्हती.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "आडनाव कुठलं लिहू? तिकडचं तर आता माझं नाही. आणि इकडचं लग्नात सुटलं."

ग्रॅमबाईच्या वहीत या गोष्टीला रकाना नव्हता. मग तिने कागद ताईंच्या आणखी जवळ सरकवला.

"आडनावाने चाखला का साबण? जीभ तुमची आहे, ताई. नुसतं नाव लिहा."

ताईंनी लिहिलं. अक्षर मोठं आलं, रेघेच्या बाहेर गेलं, आणि ग्रॅमबाईने ते तसंच राहू दिलं.