न बोललेला नवस

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी जाऊळ निघालं की मांडववाल्याच्या आधी दगाभाऊंना निरोप जायचा. मांडव काय, कुणीही बांधतं. पण बोकडाचा रस्सा करावा तो दगाभाऊंनीच, असं अख्ख्या खानदेशी वस्तीचं मत होतं. कांदा आणि सुकं खोबरं ते थेट निखाऱ्यावर भाजायचे. मसाला पाट्यावर वाटलेला हवा, मिक्सर दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. एरवी पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये वाफेत आणि रंगाच्या वासात मान खाली घालून पाळी भरणारा हा माणूस पातेल्यापुढे उभा राहिला की मामलेदार व्हायचा. लोक ऐकूनही घ्यायचे. रस्साच तसा असायचा.

आता या रश्श्याच्या राजाचं एक गुपित होतं. गेली कितीतरी वर्षं तो आडवा होऊन झोपला नव्हता. पाठ टेकली की छातीत जाळ उठायचा आणि घशाशी आंबट पाणी यायचं. म्हणून पाठीला दोन उशा लावून, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या डुलक्या. खिशात आम्लपित्ताच्या पुड्या कायमच्या. मिलमध्ये बाकीचे चहा पीत तेव्हा दगाभाऊ पुडी फेसाळून पीत. डॉक्टरने एकदा तेल-तिखट कमी करा म्हणून सांगितलं, तर त्याच संध्याकाळी मोठे भाऊ धुडकूभाऊ म्हणाले की डॉक्टर गुजराती आहे, त्याला आपल्या पोटाचं काय कळतं. दगाभाऊंनाही ते पटलं. न पटून सांगतात कुणाला?

श्रावण लागला. श्रावणात सगळी गल्लीच सोवळी होते. त्या वर्षी शोभाबाई, म्हणजे दगाभाऊंचं कुटुंब, मुलीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला गेली आणि चूल आली सुनेच्या हाती. गायत्री शिरपूरकडची. त्यांच्या मुलाशी, योगेंद्रशी, लग्न होऊन चार वर्षं झालेली. तोंडाने मोजकं बोलणारी, आणि तिचा हात तेलाच्या बाबतीतही मोजकाच. शोभाबाईच्या भाजीवर बोटभर तवंग असायचा. तवंग नसला तर पाहुणा रागावतो, असं तिच्या माहेरचं शास्त्र. गायत्रीने ते शास्त्र गुंडाळून ठेवलं. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या, न चाळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी. नुसते शिजवलेले अख्खे मूग, वर चिमूटभर जिरं. गिलक्याची भाजी, तीही गिलक्याच्याच पाण्यात शिजलेली. मेथी, मुळा, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर ताक.

पहिले काही दिवस दगाभाऊंनी मनातल्या मनात सुनेचा उद्धार केला. हे काय दवाखान्यातलं जेवण, असं म्हणत ते उठायचे. पण तक्रार करायची कशी? पोरगी समोर उभी राहून आणखी भाकरी घेता का म्हणून विचारायची. आणि हात आपोआप पुढे व्हायचा, कारण भाकरी चांगलीच असायची. मग एका सकाळी ते जागे झाले तर छताचा पंखा त्यांना सरळ डोक्यावर दिसला. आपण उताणे झोपलोय हे कळायला त्यांना जरा वेळच लागला. उशा कधीच्या बाजूला सरकल्या होत्या. छातीत काही नाही, घशात काही नाही. दगाभाऊ तसेच पडून राहिले आणि त्यांना चक्क रडू आलं. बावन्न वर्षांच्या माणसाला झोप लागली म्हणून रडू यावं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. त्यांनी नाही सांगितलं.

पुढचं संकट म्हणजे श्रावण संपतो. आणि संपला की गल्लीला अशी भूक सुटते, की खाटकाच्या दारात सकाळपासून रांग. पहिलं जेवण नेहमीप्रमाणे धुडकूभाऊंकडे होतं. ताट समोर आलं. वास उत्तम होता, उगाच खोटं कशाला बोला. दगाभाऊंना किळस वगैरे काही आली नव्हती. त्यांना फक्त भीती वाटली. त्या वाटीपलीकडे त्यांना दोन उशा आणि भिंत दिसत होती.

पण आपल्याकडे माणसाने मटण सोडायचं तर त्याला कारण लागतं. गळ्यात माळ हवी, घरात सुतक हवं, नाहीतर नवस हवा. पचत नाही हे काही कारण नव्हे. पचत नाही म्हटलं की जो तो आपला काढा सांगतो आणि मग नुसता रस्सा तरी घे म्हणतो. धुडकूभाऊंनी विचारलं, हात का आखडला? दगाभाऊ म्हणून गेले, नवस बोललोय.

कुणी आग्रह केला नाही, कुणी चेष्टा केली नाही. एकाने तर ताटावरूनच हात जोडले. दगाभाऊंच्या उरावरचा धोंडा उतरला, आणि उतरता उतरता त्यांच्याच पायावर पडला. कारण धुडकूभाऊंनी पुढचा प्रश्न विचारला: कशासाठी? दगाभाऊंनी इकडे तिकडे पाहिलं. योगेंद्र तांब्या घेऊन पाणी वाढत होता. त्यांच्या तोंडून निघालं, याच्या घरात पाळणा हलावा म्हणून.

घोडचूक म्हणतात ती ही. माळ घातली म्हणाले असते तर सुटले असते, माळेला शेवट नसतो. नवसाला असतो. आणि आमच्या लोकांत त्या शेवटाला बोकड बांधलेला असतो. देवीने ऐकलं की नवस फेडायचा, बोकड कापायचा आणि नवस बोलणाऱ्याने पहिला घास घ्यायचा. म्हणजे दगाभाऊंनी आपली सुटका अशा जागी नेऊन ठेवली, की सून पोटुशी राहिली तर ते अडकणार, आणि नाही राहिली तर ती अडकणार. हे त्यांच्या लक्षात आलं घरी परतताना, चपला घालताना. तोवर बातमी त्यांच्या पुढे चालत गल्लीभर झाली होती.

गायत्रीला ती नळावर कळली. संध्याकाळी ताट वाढताना तिने खाली वाकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला आणि इतकंच सांगितलं, की बाबांनी सोडलंय तर तीही खाणार नाही. आता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ती आशा असावी असं त्यांना वाटलं, आणि आशेवर पाणी कसं ओतायचं? त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

शोभाबाई धुळ्याहून आली ती फणकारतच. मला न विचारता देवीला शब्द दिलाच कसा, हे एक. आणि दुसरं, घरात तेलाचा डबा भरलेलाच कसा? नवऱ्याने चुकून म्हटलं की हलकं खाऊन बरं वाटतंय, तर ती म्हणाली, म्हणजे तीस वर्षं माझ्या हातचं खाऊन पोट बिघडलं म्हणा की. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला उताणं घोरताना पाहिलं आणि पाहत राहिली. मग कळण्याचं दळण तिनेच गिरणीत नेऊन दिलं.

तब्येतीचं म्हणाल तर दगाभाऊंची चांदी झाली. हिवाळ्यात बाजारात सुरती पापडी आली, गायत्री ती ओवा घालून नुसती वाफवायची आणि ते शेंगेसकट खायचे. हुरड्याला इथे पोंक म्हणतात, तो मिलवरून येताना ते स्वतः आणायचे. मिलमधले ओडिया पोरगे त्यांच्या डब्यात डोकावून हसायचे आणि भाकरीचा तुकडा मोडून घ्यायचे. पोट उतरलं, जिना चढताना दम लागेना. खिशातल्या पुड्या कधी संपल्या ते कळलं नाही. माणूस सुखात होता. पण सुखातही एक खडा होता. बायका गायत्रीला नळावर विचारायच्या, मंदिरात विचारायच्या, शिवणक्लासच्या दारात थांबवून विचारायच्या: काही आहे का? तुझ्या सासऱ्याने एवढं सोडलंय ग तुझ्यासाठी. गायत्री मान खाली घालायची. हळूहळू ती सासऱ्यांचं ताट वाढतानाही मान वर करेनाशी झाली. दगाभाऊंना वाटायचं, आदर आहे.

मग धुडकूभाऊंच्या नातवाचं जाऊळ ठरलं. नवसाच्या माणसाने बोकडाला हात लावावा का, यावर ज्येष्ठांची बैठक बसली. खाऊ नये, पण करायला हरकत नाही, असा निकाल लागला, कारण दुसरा निकाल लागला असता तर रस्सा कुणी केला असता? मीठ चाखायला गल्लीतल्या बळीरामला पातेल्याशी उभं केलं. तो चाखण्याच्या नावाखाली वाट्याच ओरपायला लागला, म्हणून दगाभाऊंनी त्याला दोनदा पळीने हाणलं. ते खुशीत होते. मसाला जमला होता.

पातेल्यावर झाकण टाकून त्यांनी मांडवात पाहिलं. बायकांनी गायत्रीला पाटावर बसवलं होतं. तिची ओटी भरत होत्या, आणि मुंडण झालेलं ते गुटगुटीत पोर तिच्या मांडीवर दिलं होतं, गुण लवकर यावा म्हणून. हेतू वाईट कुणाचाच नव्हता. पोर रडत होतं, बायका हसत होत्या. गायत्री पोराला नीट धरून बसली होती, आणि तिची नजर मांडीवरच्या पोराकडे नव्हतीच. ती पातेल्याशी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बघत होती. मार खाल्लेल्या पोराने बघावं तसं.

दगाभाऊंना तेव्हा कळलं की हा आदर नव्हे आणि आशा तर नव्हेच.

तेवढ्यात धुडकूभाऊंनी पुरुषांच्या पंगतीत आवाज दिला, की पुढच्या वर्षी याच मांडवात दगाचा नवस फिटणार, बोकड माझ्याकडून. लोकांनी माना डोलावल्या. दगाभाऊंनी पळी खाली ठेवली, हात पुसले आणि मांडवाच्या मधोमध आले, जिथून दोन्हीकडे ऐकू जाईल तिथे.

"भाऊ, मी नवस बोलेलच नही. माले मटन पचत नही, म्हनीसन सोडी दिधं. या पोरीनं नाव मी उगाच लिधं."

दगाभाऊंनी मग राहिलेलंही सांगून टाकलं. त्या उशा, ती भिंत, त्या पुड्या, सगळं. आणि हेही, की नवस म्हटलं नसतं तर तुम्ही मला सोडलं नसतं. ऐकताना काहीजण खाली बघायला लागले. शोभाबाईने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

धुडकूभाऊंनी मिशीवर हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, देवीचं नाव तरी घेतलं होतंस का? दगाभाऊ म्हणाले, नाही, नुसतं नवस म्हणालो.

"मंग देवी रागावाव नही," धुडकूभाऊ म्हणाले. "मी मातर रागायेल शे."

आणि ते खरंच पाठ फिरवून बसले. पुढे आठवडाभर ते भावाशी बोलले नाहीत, आणि आठव्या दिवशी पानाच्या गादीवर स्वतःच जागा करून दिली. पण ते नंतरचं. त्या दुपारी दगाभाऊंना भावाच्या रागाची पर्वा नव्हती. ते पाटापाशी गेले आणि सुनेसमोर हात जोडायला लागले, तर तिने पोराला बाजूच्या बाईकडे दिलं आणि झटकन उठून त्यांचे हात धरले. चार वर्षांत तिने सासऱ्यांना कधी हात लावला नव्हता, पायाला सोडून.

"बाबा, मी रोज तुमना ताटकडे देखू," ती म्हणाली. "वाटे, मन्हा पायी तुम्ही उपाशी शेतस."

म्हणजे इतके महिने ही पोर मूग वाढत होती ती असं समजून, की एका भल्या माणसाच्या तोंडचा घास आपल्यामुळे गेलाय. दर महिन्याला पाळी आली की तिला आधी आठवायचं ते हे ताट, मग बाकीचं. आणि हे महाशय तिकडे पापडीच्या शेंगा मिटक्या मारत खात होते. दगाभाऊंना स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. ते म्हणाले, "उपाशी नही व्हतू पोरी. जनममा इतलं सुखनं जेवन कराच नही." गायत्रीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. हे तरी खरं आहे ना, हे तपासत असावी. चेहऱ्यावरून माणसाचं पोट कळतं म्हणतात. तिला कळलं असावं, कारण तिने एक लांब श्वास सोडला, डोळे पुसले आणि मग अगदी हळू आवाजात, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं विचारलं:

"मंग आते मी खाऊ का?"

नंदुरबारपासून शिरपूरपर्यंत मटणावर जीव टाकणारं घराणं हिचं, आणि आपण त्या पोरीला मुगावर ठेवलं! बायकांची पंगत शेवटी बसते, तशी रीत आहे. दगाभाऊंनी रीत बाजूला ठेवली. ताट घेतलं, पातेल्यातले चांगले तुकडे शोधून शोधून वाढले, वर रस्सा ओतला आणि तिला तिथेच पातेल्याशेजारी पाटावर बसवलं. मग शोभाबाईने आणलेला आपला डबा उघडून तेही तिच्याजवळ जमिनीवर बसले. डब्यात कळण्याची भाकरी, मूग आणि मुळ्याचा पाला होता. गल्ली बघत होती. बघू दे म्हणाले ते.

गायत्रीने पहिले दोन घास लाजत खाल्ले. तिसऱ्याला तिने हाडूक हातात धरलं आणि मग कुणाकडे बघितलंच नाही. नाक वाहत होतं, ते मनगटाने पुसत होती. दगाभाऊ आपली भाकरी मोडत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं. तिने रिकामं ताट पुढे केलं आणि मान वर करून म्हणाली, बाबा, अजून वाढा.