बाल्कनीखालची खुर्ची

आमच्या साहेबांनी उभ्या आयुष्यात एकाही लग्नातली नवरी धड पाहिली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. मंगल कार्यालयात शिरलं की त्यांची नजर थेट छताच्या बीमवर जायची आणि पंगत उठेपर्यंत तिथंच राहायची. अक्षतासुद्धा बीमच्याच दिशेनं पडायच्या. एकदा एका वधूपित्यानं "कसं काय वाटलं?" म्हणून हौसेनं विचारलं, तर म्हणाले, "जरा वाकलाय मधी, पण धोका न्हाय." बिचारा बराच वेळ जावयाकडं निरखून बघत होता.

नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंगची कोरी पदवी घेऊन मी त्यांच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात लागलो. इमारतीत सळी कुठं आणि किती घालायची, ते कागदावर ठरवून देणं हा तिथला धंदा. साहेबांचा कॅल्क्युलेटरवर विश्वास नव्हता. लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते चार ओळींत हिशेब मांडत आणि माझी तीन पानी आकडेमोड त्याच्याशी जुळली नाही, तर चूक माझ्या पानांत शोधत. ती सापडायचीच, हे दुखणं वेगळं. एरवी ते मला 'बाळ' म्हणत. रागावले की एकदम 'पावणं'. म्हणजे ओळखच मोडली.

पण साहेबांची खरी ओळख म्हणजे त्यांच्या स्कूटरला बांधलेली लोखंडी घडीची खुर्ची. नव्या बाल्कनीचे टेकू काढायच्या दिवशी ती बरोबर बाल्कनीखाली मांडून साहेब बसत आणि चहा मागवत. वर टेकू सुटतायत, खाली साहेब फुंकर घालून चहा पितायत. कप रिकामा झाला की "झालं काम" म्हणून उठत. घरमालकाला याहून मोठं सर्टिफिकेट लागत नसे.

जयसिंगपुरातल्या एका रिटायर मास्तरांच्या घराचं ड्रॉइंग हे माझं पहिलं स्वतंत्र काम. साहेबांनी विश्वासानं सही केली. स्लॅबच्या दिवशी मिक्सर घरघरत होता, नारळ फुटला होता, मास्तरांचं अख्खं गणगोत पेढ्यांसाठी जमलं होतं. साहेब वर चढले, बाल्कनीच्या सळ्या पाहिल्या, मग मला पाहिलं.

"पावणं, हात म्होरं करा."

मी हात ताठ पुढं केला. त्यांनी त्यावर पाण्यानं भरलेली बादली अडकवली आणि शांतपणे विचारलं, "ताण कुठं येतोय?"

"वर. खांद्याला."

"मग सळी कुठं पायजे?"

बाल्कनी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हातच. सळी वरच्या अंगाला हवी. मी सगळ्या सळ्या खोलीच्या स्लॅबसारख्या खाली दाखवल्या होत्या, आणि ड्रॉइंगवर साहेबांची सही बघून फिटरनं त्या तशाच बांधल्या होत्या. टेकू निघाले असते, तर बाल्कनी खाली आली असती. आणि खाली कोण चहा पीत बसलं असतं, ते मला बादली धरल्या धरल्या सुचलं.

काम थांबलं. मास्तरांचा आवाज वर्गात चढावा तसा चढला. ही चूक नक्की कुणाची, त्यांना आत्ता कळायला हवं होतं. मी तर मनातल्या मनात मामांच्या पिठाच्या गिरणीवर रुजूही झालो होतो.

"माझी, मास्तर," साहेब म्हणाले. "सही माझी हाय न्हवं त्याच्यावर."

माझं नाव निघालं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. दिवसभर फिटरबरोबर बसून मी सळ्या सोडवल्या आणि वर बांधल्या. बोटं सोलली, त्याबद्दल तक्रार नाही.

तीन आठवड्यांनी टेकू काढायचे होते. साहेबांनी खुर्ची मांडली. मी रस्त्यापलीकडं, लिंबाच्या झाडामागं उभा. झाडाचं डिझाईन मी केलेलं नव्हतं.

"ये की बाळ हिकडं," साहेबांनी हाक मारली. "सळी वर हाय. आता कशाला भितोस?"

पालथं घमेलं घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो. शेवटचा टेकू निघाला. बाल्कनी केसभरही हलली नाही. माझा चहा मात्र सगळा पँटवर होता.

पुढं साहेबांनी ऑफिस बंद केलं, तेव्हा ती खुर्ची माझ्याकडं पाठवून दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आता साहेब नाहीत. सही माझी असते आणि हाताखालच्या पोरांच्या चुकाही माझ्याच असतात. टेकू काढायच्या दिवशी मी खुर्ची बरोबर बाल्कनीखाली मांडतो, दोन चहा सांगतो आणि शेजारी घमेलं पालथं घालून बसतो. दुसरा कप मुकादम पितो. खुर्ची रिकामी असली, तरी उभ्यानंच.