किल्लेदारणीचा नगारा

निपाणीच्या कचेरीतून मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बायको गेली. मुलगी लग्न होऊन लांब. दिवसदिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. दूधवाल्याला 'उद्यापासनं अर्धाच लिटर' म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला. त्या आठवड्यात मी माळ्यावरून कॉर्नेट काढलं. ट्रम्पेटसारखंच, पण अंगानं आखूड आणि आवाजानं मऊ असं ते पितळी वाद्य मी तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवत असे.

गावात माझ्यासारख्याच उतारवयाच्या आठजणांचा एक बँड होता. त्यांनी मला घेतलं. रविवारी सकाळी तंबाखूच्या रिकाम्या वखारीत तालीम चाले. वखार बंद होऊन वर्षं झाली तरी तंबाखूचा खाट, तो नाकाला झोंबणारा वास, गेला नव्हता. लांब सूर धरला की कुणीतरी शिंकायचंच. मास्तर चिकोडीकडचे, घरी कन्नड बोलणारे. एका रविवारी ते म्हणाले, "वराती लई वाजवल्या. आता एखादी गोष्ट वाजवू. तुम्ही सांगा, मी बसवतो."

मी लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली. संकेश्वरच्या पलीकडं एका टेकडीवर पडका गड आहे. गडावरची सगळी माणसं लढाईवर गेलेली, मागं किल्लेदाराची बायको एकटी. खाली शत्रू येऊन थांबला. तिनं तीन दिवस नगारा बडवला. वर फौज आहे असं समजून शत्रू माघारी फिरला.

मास्तरांनी पावसाळाभर खपून ते संगीत लिहिलं. मोठ्या ढोलावर नगारा, जाड आवाजाच्या भोंग्यांवर चढून येणारा शत्रू आणि किल्लेदारणीचा सूर माझ्या कॉर्नेटवर. शेवटी सगळ्यांनी मिळून विजयाचा दणका.

पहिल्यांदा ते आम्ही त्या गडाखालच्या गावातच वाजवलं, जत्रेत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सामान आवरत होतो तेवढ्यात देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हातारीनं मला हाक मारली.

"बाईचं वाजवलंसा न्हवं?"

"व्हय आज्जी. आवडलं का?"

"चांगलं हाय. पर शेवट चुकलाय. शत्रू गेला, पर तिचा नवरा काय माघारी आला न्हाय. लढाईवर गेलेलं कुणीच आलं न्हाय. म्हातारी हुईस्तोवर ती एकटीच ऱ्हायली वर. रोज सांजच्याला एक टोला द्यायची."

"कशाला?"

"मी हाय म्हणून सांगाय."

मास्तर माझ्या मागंच उभे होते. पुढच्या रविवारी त्यांनी वही उघडली आणि शेवटच्या दोन पानांवर काट मारली. विजय काढून टाकला. ढोलाचा एक टोला, त्यावर कॉर्नेटचा एकच लांब सूर, तोही दम संपेल तिथं सोडून द्यायचा.

तो नवा शेवट आम्ही एकदाच लोकांपुढं वाजवला. बेळगावात, एका सभागृहात. माझा सूर संपला आणि कुणीच टाळी वाजवली नाही. लोकांना वाटलं, अजून आहे. मग खुर्च्या सरकल्या, माणसं चहाकडं वळली. ढोलवाले आप्पा चिडले. "चांगलं चाललेलं बिघडवलंसा," म्हणाले. त्या सुरात माझं घर होतं, हे मी त्यांना कसं सांगणार होतो?

नंतर बँड मोडला. भांडण नाही, काही नाही. आप्पांचे गुडघे गेले. दोघंजण वारले. मास्तरांना मुलानं हुबळीला नेलं. जाताना त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "तुमचीच गोष्ट हाय," म्हणाले.

मी अजून सकाळी ती काढतो आणि माझ्यापुरती ओळ वाजवतो. तिच्यात मध्ये बऱ्याच मोकळ्या जागा आहेत. तिथं भोंगे वाजायचे, ढोल वाजायचा. तेवढा वेळ मी कॉर्नेट मांडीवर ठेवून बोटांवर ताल मोजत बसतो. कुणी ऐकत नसताना त्या जागा फार लांब होतात. एकदोनदा मोजता मोजता मी चुकलोय, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय.

परवा शेजारच्या सूनबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काका, वाजवता वाजवता मधीच थांबलासा. बरं वाटत न्हाय का?"

"थांबलो न्हवतो गं," मी म्हणालो. "बाकीच्यांची पाळी हुती."

ती मान हलवून आत गेली. मी पान उलटलं.